पुढचा राऊंड कळवतो

लोट्याच्या एमआयडीसीत प्लांटवर कामाला असलेल्या माणसाचा फोन दिवसभर गेटवर असतो, हे आधीच सांगून टाकते, कारण नोकरी बदलायच्या खटाटोपातलं पुढचं बरंचसं त्याच्यामुळे अवघड झालं. आत टोल्युइन, मिथेनॉल, अ‍ॅसिटोन असली सॉल्व्हंट असतात, एका ठिणगीने काय होईल सांगता येत नाही, म्हणून साधा मोबाईल आत न्यायला बंदी. सिक्युरिटीकडच्या लॉकरमध्ये ठेवायचा, सुटल्यावर घ्यायचा. मी क्यूसीत, म्हणजे माल बाहेर पडायच्या आधी तो तपासणाऱ्या लॅबमध्ये. सकाळी चिपळूणहून कंपनीची बस पकडायची, परशुराम घाट चढून लोट्याला जायचं आणि संध्याकाळी परतीच्या बसमध्ये बसून फोन चालू केला की एचआरचे मिस्ड कॉल आणि खाली मेसेज, तीन वाजेपर्यंत कन्फर्म करा नाहीतर इंटरव्ह्यूचा स्लॉट दुसऱ्याला देऊ. तेव्हा वाजलेले असायचे साडेपाच-पावणेसहा. मी उलट फोन करायचे तर त्यांचं ऑफिस सुटलेलं, आणि दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यायचं की मॅडम तुम्ही रीचेबलच नसता. मी जिथे अर्ज केला होता, ज्या कंपनीचा हा एचआर, ती पण माझ्या कंपनीसारखी एपीआय, म्हणजे गोळीतलं मूळ औषध बनवणारी. तिच्या प्लांटच्या गेटवर पण हाच नियम असणार. पण एचआर बसतो मुंबईच्या ऑफिसात आणि त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं, मी सांगितलं तरी पुढच्या वेळी फोन करणारी व्यक्ती दुसरीच असायची.

मी गुहागर तालुक्यातली. घरी आईबाबा, थोडी सुपारी, थोडी कलमं. रत्नागिरीला केमिस्ट्रीत एमएस्सी केलं आणि लगेच लोट्याला लागले, चिपळूणला मैत्रिणीबरोबर खोली घेतली. काम आवडायचं, अजूनही आवडतं. पण आमच्याकडे वरच्या जागा हलत नव्हत्या, वरचा माणूस रिटायर होईपर्यंत अ‍ॅनालिस्टने अ‍ॅनालिस्टच राहायचं असं होतं, आणि मला यूएसएफडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या औषध खात्याचं, ऑडिट होणाऱ्या मोठ्या साईटवर शिकायचं होतं. तसल्या साईट तळोजा, पाताळगंगा त्या बाजूला. म्हणून एका मोठ्या कंपनीच्या तळोज्याच्या प्लांटला अर्ज टाकला. टाकला तेव्हा आंबे चालू होते आणि शेवटी काय झालं ते कळलं दिवाळीनंतर, ते पण कंपनीकडून नाही.

सुरुवातीचं लवकर सांगते, सगळीकडे तेच असतं. पोर्टलवर रेझ्युमे अपलोड करायचा आणि मग त्याच रेझ्युमेतलं सगळं परत हाताने रकान्यांत भरायचं. मग कन्सल्टन्सीचा फोन, मग कंपनीच्या एचआरचा फोन, दोघांचे प्रश्न एकच, करंट सीटीसी म्हणजे वर्षाचा पगार किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पिरियड किती. नव्वद दिवस म्हटलं की पलीकडे शांतता. बायआउट होईल का, म्हणजे पैसे भरून नोटीस कमी होईल का, लवकर सोडतील का. अहो, नव्वद दिवसांची नोटीस तुमच्या कंपनीत पण आहे, मी तुमच्याच माणसाला विचारलंय. मग ऑनलाईन अ‍ॅप्टिट्यूड, त्यात दोन गाड्या समोरासमोरून येतात ती गणितं, आणि त्याच्या मागोमाग सायकोमेट्रिक टेस्ट. मला गर्दीत राहायला आवडतं का, मी निर्णय मनाने घेते की डोक्याने, असली वाक्यं फिरवून फिरवून विचारलेली. लॅबमध्ये मी तोललेल्या मालाच्या नोंदी बरोबर असतात की नाही हे त्यातून कोणाला कसं कळणार, हे मला तेव्हाही समजलं नाही आणि आजही समजत नाही.

व्हिडिओ राऊंड मात्र जरा नीट सांगायला हवा. मला वाटलं कोणीतरी समोर बसून बोलणार. तसं नव्हतं. लिंक येते, लिंक उघडली की कॅमेरा चालू होतो, स्क्रीनवर प्रश्न येतो, तीस सेकंद विचार करायला आणि मग दोन मिनिटं बोलायचं, समोर कोणीच नाही. आपण बोललेलं रेकॉर्ड होतं आणि नंतर कोणीतरी बघतं म्हणे. लिंक शुक्रवारी रात्री आली, रविवार रात्रीपर्यंत चालणार होती आणि मी त्या शनिवार-रविवारी घरी गेले होते. जुलै महिना. आमच्या वाडीत जोराचा पाऊस झाला की लाईट जाते आणि लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवर पण बंद पडतो. चिपळूणला परत जायचं तर शेवटची एसटी निघून गेलेली आणि रविवारी सकाळची आलीच नाही. शेवटी काका म्हणाले चल गो, सड्यावर जाऊया, तिथे पलीकडच्या टॉवरची रेंज येते. त्यांच्या रिक्षातून गेलो, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर, वारा एवढा की रिक्षा हलत होती, दोन्ही बाजूचे पडदे खाली सोडले, मी मागच्या सीटवर, फोन पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून. माझ्या बोलण्यात आवाज नको म्हणून काका छत्री घेऊन बाहेर उभे राहिले, पुरा वेळ. पहिला प्रश्न होता, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता. मी बोलले. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी मोठ्याने बोलत होते, समोर एक गोल फिरत होता आणि त्यात उरलेले सेकंद. माणसासमोर बोलताना आपल्याला कळतं की त्याला समजलं की नाही, मान हलते, तो मध्ये काहीतरी विचारतो. इथे काहीच नाही. त्या दिवशी काकांची गुहागरची दोन भाडी गेली, त्यांनी ते मला सांगितलं पण नाही, काकूंकडून नंतर कळलं.

पुढे टेक्निकल राऊंड. पहिला घेतला तिथल्या क्यूसी मॅनेजरने, टीम्सवर, मी आजारपणाची रजा टाकून खोलीवर बसले होते. माणूस चांगला होता, कामातला होता. त्यांनी विचारलं, ओओएस आला तर काय करता. हा प्रश्न आमच्या धंद्यात विचारायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ओओएस म्हणजे आऊट ऑफ स्पेसिफिकेशन. समजा एखाद्या मालाचा अ‍ॅसे (त्यातल्या मूळ औषधाचं प्रमाण) ९८ ते १०२ टक्क्यांच्या आत पाहिजे आणि रिझल्ट आला ९७.४. आता तुम्ही तो कागद फाडून परत टेस्ट लावू शकत नाही. आधी लॅबमध्ये बघायचं, वजन बरोबर घेतलंय का, डायल्युशनला चूक झाली का, कॉलम कुठला, सिस्टिम सुटेबिलिटी, म्हणजे मशीनची आधीची तपासणी, पास होती का, इंटिग्रेशन, म्हणजे आलेखातल्या उंचवट्यांचं मोजमाप, कसं केलंय. स्पष्ट चूक सापडली तर ती पुराव्यासकट लिहून तो रिझल्ट बाद करता येतो. नाही सापडली तर चौकशी प्रॉडक्शनपर्यंत जाते. आणि परत टेस्ट करायची तर ती किती वेळा करायची हे आधीच एसओपीत, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीत, लिहिलेलं पाहिजे, शक्यतो दुसऱ्या अ‍ॅनालिस्टने करायची, आणि पास झाला तोच आकडा घ्यायचा बाकीचे विसरायचे असं करता येत नाही. हे सगळं मी सांगितलं. त्यांनी मागचं कारण विचारलं, ते पण सांगितलं, की १९९३ साली अमेरिकेत बार लॅबोरेटरीज कंपनीच्या खटल्यात कोर्टाने म्हटलं होतं की माल पास होईपर्यंत टेस्ट करत राहणं चालणार नाही, आणि पुढे २००६ मध्ये एफडीएने ओओएसवर गाइडन्स काढला त्यात हीच गोष्ट नीट मांडलीय. ते खूश झाले. म्हणाले गुड, पुढचा राऊंड कळवतो.

पुढचा राऊंड क्यूएच्या, म्हणजे सगळं नियमाने होतंय ना हे बघणाऱ्या खात्याच्या, मॅनेजरचा. पहिलाच प्रश्न, ओओएस आला तर काय करता. मी परत सगळं सांगितलं. मग म्हणाले पुढचा राऊंड कळवतो.

त्याच्यानंतर असाइनमेंट आली. एका मॉलिक्यूलच्या रिलेटेड सबस्टन्सेससाठी, म्हणजे त्यातल्या अशुद्धींसाठी, मेथड व्हॅलिडेशनचा प्रोटोकॉल लिहून पाठवा, म्हणजे तपासायची पद्धत भरवशाची आहे हे कसं सिद्ध करणार ते, आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नवीन क्यू-टू नियमावलीप्रमाणे, जी २०२३ च्या नोव्हेंबरला आली ती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे एका बसणीचं काम नाही. स्पेसिफिसिटी कशी दाखवणार, फोर्स्ड डिग्रेडेशनला अ‍ॅसिड किती, पेरॉक्साईड किती, किती तास, लिनिअ‍ॅरिटीच्या लेव्हल कुठल्या, एलओक्यू, म्हणजे खात्रीने मोजता येणारं सगळ्यात कमी प्रमाण, कसा काढणार, प्रिसिजनला आरएसडीची, म्हणजे आकड्यांतल्या फरकाची, लिमिट काय आणि ती का, सगळं विचार करून लिहायचं असतं, कंपनीत हे करायला माणसाला वेगळा वेळ देतात. मी ड्युटीवरून येऊन जेवून रात्री बसायचे, मैत्रीण झोपलेली असायची म्हणून गॅलरीत बल्ब लावून. पण मला ते काम आवडत होतं, खरंच मनापासून केलं, एका ठिकाणी तर मी मोबाईल फेजचा, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाचा, पीएच का बदलायला हवा याचं कारण पण लिहिलं होतं कारण त्यांनी दिलेल्या कंडिशनला दोन इम्प्युरिटी एकमेकींवर येतील असं मला वाटत होतं. म्हटलं यावर चर्चा होईल. वाद झाला तरी चालेल, पण कोणीतरी विचारेल.

कोणी एक अक्षर विचारलं नाही. पुढच्या राऊंडला समोरच्यांना असाइनमेंट दिली होती हेच माहीत नव्हतं. या सगळ्यात मला सर्वात जास्त लागलं असेल तर हे. रिजेक्ट झालं असतं तर चाललं असतं. लिहिलेलं वाचायचंच नसेल तर मागायचं कशाला.

तो पुढचा राऊंड म्हणजे प्रत्यक्ष प्लांटवर, तळोज्याला. तारीख आली गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधीची. मी विनंती केली की आठवडाभर मागे किंवा पुढे करा, मी कोकणातून येते, तुम्हाला कल्पना असेल त्या दिवसांत गाड्यांचं काय असतं. उत्तर आलं की पॅनेल त्याच दिवशी आहे, इतर कँडिडेट येतायत. कोकणातल्या माणसाला चतुर्थीच्या तोंडावर मुंबईकडे बोलावणं म्हणजे काय हे बाहेरच्याला पटकन कळणार नाही. जाताना त्रास नसतो, सगळं मुंबईहून इकडे येत असतं, रात्रीची कोकणकन्या मला चिपळूणला मिळाली आणि डब्यात चक्क जागा होती. पनवेलला अंधारातच उतरले, लेडीज वेटिंग रूममध्ये तोंड धुवून साडी नेसले, साडेनऊला गेटवर हजर. आधार कार्ड दाखवा, रजिस्टरमध्ये लिहा, फोन जमा करा, सगळं आमच्यासारखंच. आणि मग बसा. सर ऑडिटमध्ये आहेत. सर मीटिंगमध्ये आहेत. सर जेवायला गेलेत. रिसेप्शनला अजून चार-पाच जण, एक मुलगा अंकलेश्वरहून आलेला, एक मुलगी नांदेडची, तिच्याबरोबर तिचे वडील होते आणि ते गेटच्या बाहेर झाडाखाली बसले होते कारण व्हिजिटर पास फक्त कँडिडेटला. चहा मिळाला, जेवणाचं कोणी विचारलं नाही. साडेतीनच्या पुढे मला आत बोलावलं. तिघे होते. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. पहिला प्रश्न, सांगा, ओओएस आला तर काय करता.

मी त्यांना अगदी शांतपणे विचारलं की सर हे आधीच्या दोन्ही राऊंडला झालंय, त्याच्या नोट्स तुमच्याकडे असतील ना, मी प्रोटोकॉल पण पाठवलाय, त्यावर विचारलं तर मला आवडेल. ते म्हणाले नाही नाही, आम्हाला तुमच्या तोंडून ऐकायचंय. मी सांगितलं.

परतताना पनवेल स्टेशनला फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. डोक्यावर बॅगा, हातात मखराचं सामान, लहान मुलं. गाडी आली तिच्या दारातून आतली माणसंच बाहेर येत होती. मग डेपोत गेले, तिथे बऱ्याच गाड्या ग्रुप बुकिंगच्या, एका जादा गाडीच्या कंडक्टरने उभं राहायला घेतलं. माणगावला ट्रॅफिक, गाडी हलतच नव्हती, मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि दरवर्षी गणपतीला माणगाव-इंदापूरला तेच. महाडला एकदाची सीट मिळाली. चिपळूणला उजाडलं आणि तिथून गुहागर एसटीने घरी पोचले, हरतालिका होती, आईचा उपवास, ती दारातच म्हणाली झालं का गो? म्हटलं, चांगला झाला.

भाड्याचं विचारलं होतं मी, मेलवर, सभ्यपणे. आमच्या पॉलिसीत बसत नाही म्हणाले. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत अजूनही लिहिलेलं असतं की बाहेरगावच्या उमेदवाराला तिकीट दाखवल्यावर भाडं मिळेल. एवढ्या मोठ्या खासगी कंपनीला ते का जमू नये.

गणपतीनंतर फोन आला की फीडबॅक खूप पॉझिटिव्ह आहे, आता फक्त व्हाइस प्रेसिडेंटशी एक छोटा कॉल. तो दोनदा कॅन्सल झाला, प्रत्येक वेळी मी कोणाशीतरी शिफ्ट बदलून घेतलेली. झाला तेव्हा त्यांनी ओओएस नाही विचारलं, लग्नाचं विचारलं. लग्न कधी करणार, नंतर तळोज्याला राहणार का. पुरुष उमेदवाराला हे विचारत असतील असं मला वाटत नाही. मी सांगितलं की नोकरी मिळाली तर तळोज्याला राहणार. मग सॅलरी डिस्कशन, आणि त्याच्या आधी कागद. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म सोळा, बँकेचं स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, आणि आत्ताच्या कंपनीतल्या वरिष्ठाचा रेफरन्स. अजून ऑफर नाही, आकडा नाही, आणि माझ्या आत्ताच्या साहेबांना फोन करायचं म्हणतायत. तेवढं मी नाही म्हटलं, कॉलेजच्या सरांचं नाव दिलं. बाकीचे कागद दिले. ते सगळे बघितल्यावर जो आकडा बोलले तो माझ्या आत्ताच्या पगारावर बेताची टक्केवारी लावून काढलेला होता. जागेचा पगार किती ठरलाय ते विचारलं तर म्हणाले तसं ठरलेलं नसतं, तुमच्या करंटवर असतं. म्हणजे लोट्याला कमी पगारावर सुरुवात केली तर ती कमी तुम्हाला आयुष्यभर चिकटणार. तरी मी हो म्हटलं. ऑफर लेटर आठवड्यात येईल म्हणाले.

मग काही नाही. मेल केले, फोन केले. आधी उचलायचे, चालू आहे म्हणायचे, मग उचलायचं बंद झालं. दसरा गेला, दिवाळी गेली. शेवटी कन्सल्टन्सीच्या मुलीने सांगितलं, मॅडम ती पोझिशन होल्डवर गेलीय, हेडकाउंट फ्रीझ झालाय, मला पण पोर्टलवरच दिसलं. कंपनीकडून आजपर्यंत एक ओळ आलेली नाही.

यात काय गेलं ते सांगते. माझ्या सीएल सगळ्या संपल्या होत्या, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये बाबांचं डेरवणला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा मी जाऊ शकले नाही, भावाला पुण्याहून यावं लागलं. बाबा काही बोलले नाहीत. साहेबांना संशय आला होता की मी कुठेतरी बघतेय, त्या वर्षीचा इन्क्रिमेंट नेहमीपेक्षा कमी आला, मी तोंडावर विचारलं नाही पण कारण मला कळत होतं. भाडं, झेरॉक्स, साडीची इस्त्री हे तर सोडूनच द्या. आणि हे सगळं एका जागेसाठी, जी जागा भरायची की नाही हे त्यांचंच त्यांच्यात ठरलेलं नव्हतं.

मला हे मान्य आहे की आमच्या कामात माणूस तपासूनच घेतला पाहिजे. क्यूसीतल्या एका माणसाने खोटी नोंद केली तर माल पेशंटपर्यंत जातो, आणि अमेरिकेत इम्पोर्ट अलर्ट लागून, म्हणजे तिथे माल अडवला जाऊन, अख्खा प्लांट बसतो. अवघड प्रश्न विचारा, दिवसभर बसवा, हातात पिपेट द्या. त्याला माझी ना नाही. पण मी प्रत्येक राऊंडला ज्याचं उत्तर देत होते तेच मुळात हे होतं ना, की टेस्ट किती वेळा करायची ते आधी ठरवा, पास कशाला म्हणायचं ते आधी ठरवा, प्रत्येक वेळी काय निघालं ते लिहून ठेवा आणि कारण नसताना परत करू नका. या कंपन्यांच्या कपाटात ही एसओपी असते, ऑडिटरला ती दाखवतात, आणि माणूस घेताना तिच्या बरोबर उलट वागतात. आधी पास झालेल्याला परत टेस्टला लावतात, नोंद नाही, लिमिट नाही, आणि रिझल्टवर सही कोण करणार तेच ठरलेलं नाही. माझ्या मते राऊंड वाढतात ते यामुळेच. प्रत्येकाला नाही म्हणायचा अधिकार असतो आणि हो म्हणायची जबाबदारी कोणाचीच नसते, मग प्रत्येकजण पुढच्याकडे ढकलतो.

माझा मावसभाऊ स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षा देतो, त्याच्याशी बोलत होते तेव्हा त्याने सांगितलं की केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित जागांसाठी मुलाखतच काढून टाकलीय, लेखी परीक्षा आणि लागेल तिथे स्किल टेस्ट. त्याच्या परीक्षांना पण वर्ष वर्ष लागतं, त्याचे हाल वेगळे आहेत, पण निदान त्याला मार्क दिसतात. आणि ज्या गुगलचं उदाहरण हे एचआरवाले उठता बसता देतात त्या गुगलने आपल्याकडच्या जुन्या मुलाखती तपासून काढलं होतं की चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीने निर्णय घेता येतो, त्याच्या पुढच्या प्रत्येक मुलाखतीने अगदी थोडी भर पडते. मग त्यांनी चारवर थांबायचं ठरवलं. आकडे काढून थांबायचं कुठे ते ठरवलं, मला त्यातलं हे आवडलं.

पुढच्या वर्षी लोट्यातच, आमच्यापेक्षा लहान एका युनिटमध्ये जागा निघाली. तिथल्या क्यूसी हेडनी स्वतः फोन केला, तो पण रात्री आठला, म्हणाले तुम्ही प्लांटला असता, दिवसा फोन लागणार नाही. एवढ्या एका वाक्याने मला किती बरं वाटलं ते सांगू शकत नाही. म्हणाले रविवारी या, अर्धा दिवस लागेल, प्रॅक्टिकल आहे, माझा आणि क्यूएचा इंटरव्ह्यू एकत्र होईल आणि पगाराची रेंज एवढी ते एवढी आहे, चालत असेल तरच या. गेले. लॅबमध्ये नेलं, बॅलन्सवर एक स्टँडर्ड तोलायला सांगितलं आणि मागे उभे राहून बघितलं की मी नोंद लगेच वहीत करते की कागदाच्या चिटोऱ्यावर. मग चार-पाच क्रोमॅटोग्राम, म्हणजे मशीनमधून निघालेले आलेख, टेबलावर ठेवले, त्यातला उंचवटा म्हणजे पीक. एकात पीकला शेपूट, एकात बेसलाईन वर चढत गेलेली, एकात पहिलाच पीक फुटलेला. म्हणाले सांगा. फुटलेल्या पीकवर मी विचारलं की डायल्युएंट, म्हणजे नमुना ज्यात विरघळवला ते, काय वापरलंय, कारण ते मोबाईल फेजपेक्षा स्ट्राँग असेल तर सुरुवातीचा पीक असा फुटतो. ते हसले, म्हणाले हे आमच्याकडे खरंच झालं होतं आणि आम्ही दोन दिवस कॉलमला दोष देत होतो. मग बराच वेळ आम्ही त्यावरच बोललो. इंटरव्ह्यू असा असतो हे मी विसरूनच गेले होते. गुरुवारी ऑफर आली. पगार तळोज्याच्या आकड्यापेक्षा थोडा जास्तच.

आता मी तिथे सिनियर आहे आणि नवीन अ‍ॅनालिस्ट घेताना मला पण बसवतात. पहिल्याच वेळी मी हेडसरांना म्हटलं की आपण एक ए-फोर कागद करूया. वर जागेचं नाव, किती राऊंड ते जाहिरात द्यायच्या आधी लिहायचं, खाली प्रत्येकाने काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं ते लिहून सही करायची, आणि पुढच्याने तो वाचल्याशिवाय आत बसायचं नाही. तोच प्रश्न परत विचारायचा असेल तर कारण लिहायचं. सरांना पटलं, ते म्हणाले हे तर आपलंच आहे. भाड्याचं पण झालं, एसटी किंवा रेल्वेचं तिकीट दाखवलं की कॅशमध्ये देतात, मॅनेजमेंटला वाटलं होतं फार खर्च होईल, नाही झाला. उमेदवाराला घरी करायला काही काम पाठवायचं असेल तर तासाभरात होईल एवढंच पाठवायचं आणि ते वाचलेल्या माणसानेच त्यावर प्रश्न विचारायचे.

अडलंय ते एका गोष्टीवर. मागे मंडणगडहून एक मुलगा आला होता, पहाटेची एसटी पकडून, हुशार होता पण इंटिग्रेशनमध्ये कच्चा, ज्युनिअरच्या जागेला चालला असता पण आम्हाला हाताशी तयार माणूस हवा होता. मी त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं की यावेळी नाही, आणि का नाही ते पण सांगितलं, काय वाचायचं तेही. त्याने वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आमच्या एचआरने मला बोलावलं की कारण सांगायचं नसतं मॅडम, उद्या कोणी वाद घातला तर लेखी अडचण होते, आपण फक्त रिग्रेट मेल पाठवायचा. मी म्हटलं मेल पाठवा, पण तोंडी कारण मी सांगणार, कारण ते आपल्या कागदावर लिहिलेलंच आहे आणि खरं आहे. सर मधल्या मध्ये. सध्या असं ठरलंय की आठ दिवसांच्या आत हो किंवा नाही कळवायचंच, कारणाचं नंतर बघू. पुढच्या महिन्यात दोन जागा निघतायत, त्याच्या आधी मी हा विषय परत काढणार आहे.